कंपनीची समुपदेशन सेवा: घरून काम करणाऱ्यांना लगेच मिळाली, गोदामात पोचायला तिला उशीर झाला

आमच्या कंपनीनं २०२० मध्ये, कोविडची महासाथ जाहीर झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, बाहेरच्या एका संस्थेशी करार करून कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन सेवा सुरू केली. एचआरवाले तिला ईएपी म्हणतात, म्हणजे कर्मचारी साहाय्य योजना. चोवीस तासांची हेल्पलाइन, एका प्रश्नासाठी सहा मोफत सत्रं, मोबाइलवरचं ॲप, अधूनमधून वेबिनार आणि सुपरवायझरांसाठी वेगळा सल्ला, असं सगळं त्यात होतं. मी वैद्यकीय साहित्याच्या एका गोदामात पाळ्यांचं नियोजन करते. सुरुवातीचे महिने हे काम मी घरून केलं, नंतर गोदामात जाऊन. त्यामुळे एकच सेवा मला दोन्हीकडून वापरायला मिळाली, आणि दोन्हीकडचा अनुभव मुळीच सारखा नव्हता.

माझं मत आधीच सांगून टाकते. फोनवर बोलणारी माणसं फार चांगली. ॲप सुमार. वेबिनार सोडून दिले तरी चालतील. सुपरवायझरांसाठीचा सल्ला हा सेवेतला सगळ्यांत मोलाचा भाग, आणि त्याचीच जाहिरात सगळ्यांत कमी. मात्र ही सेवा आखताना संस्थेनं टेबलाशी बसलेला माणूसच डोळ्यांपुढे ठेवला होता. मास्क लावून आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांपर्यंत ती पोचली ती बरीच भांडाभांडी झाल्यावर. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा बहुतेक सेवांचा साचा हाच असतो, आणि मला बोलायचंय ते त्या साच्याबद्दल.

आधी फोनबद्दल. हेल्पलाइनवर पहिल्यांदा भेटते ती नोंद घेणारी व्यक्ती. ती मोजकंच विचारते: आत्ता सुरक्षित आहात ना, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, बोलायला निवांत जागा आहे का. उत्तर काळजीचं वाटलं तर फोन तिथल्या तिथे समुपदेशकाकडे देतात. नाहीतर वेळ ठरवून ते स्वतः फोन करतात. मला समुपदेशकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. 'झोप लागत नाही,' असं मी सांगितलं. त्या बाईंनी झोपेचं काही विचारण्याआधी विचारलं, 'काल लॅपटॉप किती वाजता उघडलात आणि किती वाजता मिटलात?' मला पटकन सांगता येईना. मिटलाच नव्हता, झोपताना उशाशी होता, कारण रात्रपाळीला कुणी आलं नाही तर बदली मलाच शोधावी लागे.

त्यांनी मला आठवडाभर फक्त वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. पहिला मेसेज कधी आला, शेवटचा कधी पाठवला, मध्ये खुर्चीवरून किती वेळा उठलात. बाकी काही बदलू नका, म्हणाल्या. तो कागद पाहून मी चकित झाले. घरून काम म्हणजे येण्याजाण्याचा वेळ वाचला असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि तो वाचलेला सगळा वेळ कामानंच गिळला होता, शिवाय वर थोडा जास्तच. हे फक्त माझंच नव्हतं. लॉकडाऊनच्या आधीचे आणि नंतरचे दिवस ताडून पाहणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. १६ महानगरांमधल्या ३१ लाखांहून जास्त लोकांच्या मिटिंग आणि ई-मेलच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. कामाचा दिवस सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला होता. मिटिंग आखूड झाल्या होत्या, पण वाढल्या होत्या. माझा कागद अगदी तेच सांगत होता.

समुपदेशक बाईंनी मला घाबरवलं नाही, पण गोड बोलून वेळही मारून नेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा मे २०२१ मधला संयुक्त अभ्यास त्यांनी नंतरच्या एका सत्रात समोर ठेवला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. 'तुमचे तास तुमच्याच कागदावर मोजा,' एवढंच त्या म्हणाल्या. मी मोजले, आणि तो कागद घेऊन मॅनेजरांशी बोलले. रात्रीच्या बदल्या शोधण्याची जबाबदारी आळीपाळीनं तिघांत वाटली गेली. माझी झोप परत आली ती त्यामुळे. श्वासाच्या व्यायामांनी त्याआधीचे काही आठवडे निभावून नेले, हेही खरं. पण मूळ दुखणं पाळीच्या तक्त्यात होतं आणि इलाजही तिथेच निघाला.

या सेवेबद्दल मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो इथे. ताण आला म्हणजे माणूसच कच्चा, असं त्यांच्यापैकी कुणी एकदाही सुचवलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात बाईंनी एक सोपी मांडणी समजावून दिली. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकानं ती १९७९ मध्ये मांडली. कामाचा रेटा किती आहे आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्यात तुमचा हात किती आहे, अशा दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. रेटा मोठा आणि हातात काहीच नाही, ही सगळ्यांत वाईट जोडी. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी त्यात तिसरी गोष्ट घातली: पाठीशी कोण आहे. महासाथीत या तिन्ही गोष्टी एकदम बिघडल्या. माल तातडीचा, त्यामुळे रेटा वाढला. नियम दर आठवड्याला वरून बदलायचे, म्हणून हातात काही राहिलं नाही. आणि अंतर ठेवायचं म्हणून माणसं एकमेकांपासून तुटली. ही मांडणी ऐकल्यावर माझी चिडचिड कमी झाली असं नाही, पण ती कुणावर काढायची नाही हे कळलं. घरच्यांवर तर नाहीच.

व्हिडिओ कॉलबद्दलही त्यांचा सल्ला कामाचा होता. सत्र व्हिडिओवरच घ्या असा ॲपचा आग्रह असतो. बाईंनी पहिल्याच वेळी विचारलं, 'दिवसभर स्क्रीनवरच असता ना? मग हे फोनवरच बोलू. चालत चालत बोला.' स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सगळे चेहरे जवळून आपल्याकडेच रोखून पाहताहेत असं वाटत राहणं, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं, एका जागी जखडून बसावं लागणं, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही मुद्दाम कराव्या लागणं. स्वतःची खिडकी लपवायची सोय बहुतेक सगळ्या व्हिडिओ ॲपमध्ये असते. मी ती लपवली आणि टीमलाही दाखवलं. ही गोष्ट करायला काही सेकंद लागतात, आणि तरी कुणी सांगेपर्यंत ती आम्हाला सुचली नव्हती.

आता ॲप. त्यात रोजचा मूड नोंदवायचा, पार्श्वसंगीत ऐकायचं, श्वास मोजायचा आणि महिन्यातून एकदा प्रश्नावली भरायची. जीएडी-७ ही त्यातली एक. गेल्या दोन आठवड्यांतल्या चिंतेविषयी सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की नीट तपासणी करून घ्यावी असा संकेत आहे. प्रश्नावली चांगली आहे, डॉक्टरही वापरतात. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. आणि ॲप मात्र गुण लाल रंगात दाखवून गप्प बसतं. आमच्या टीममधली एक नवी मुलगी लाल आकडा पाहून रात्रभर जागी राहिली. त्या आकड्याखाली हेल्पलाइनचा नंबर द्यावा एवढंही सुचू नये, याचा मला अजून राग आहे. शिवाय त्या सात प्रश्नांत कामाबद्दल एक शब्द नाही. माणूस कशानं बेचैन आहे, साहेबांमुळे, संसर्गाच्या भीतीमुळे की घरात कुणी आजारी आहे म्हणून, हे त्यातून कळायला मार्गच नाही.

ॲपमधली 'बर्नआउट टेस्ट' तर सरळ चुकीची आहे. निकालात बर्नआउट हा आजार असल्यासारखं लिहून येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे, आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ती येते; त्यात माणूस पार थकतो, कामापासून मनानं तुटतो किंवा कामाविषयी कडवट होतो, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं त्याला वाटू लागतं. फरक बारीक वाटेल, पण तो मोठा आहे. आजार म्हटलं की औषध माणसाला द्यायचं. कामाशी निगडित म्हटलं की कामाकडेही पाहावं लागतं. कंपनी पैसे मोजून जे ॲप घेते, त्यानं हा फरक पुसून टाकू नये.

वेबिनारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सकारात्मक राहा, पाणी प्या, दिनक्रम ठेवा. दिवसभर स्क्रीनपुढे बसून वैतागलेल्या माणसाला पुन्हा स्क्रीनपुढे बसवून हे सांगायचं, आणि हजेरीही लावायची. गोदामातल्यांना तर ते पाळीच्या वेळेत लागल्यामुळे पाहताच आले नाहीत.

मी गोदामात परतले तेव्हा ही दुसरी बाजू दिसली. घरून जी सेवा दोन बटणं दाबली की मिळत होती, ती इथे जवळपास नव्हतीच. फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, तो लॉकरमध्ये. सुटीत काढला तरी ॲप चेहरा ओळखून उघडायचं, आणि चेहऱ्यावर मास्क. हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही. फोर्कलिफ्ट फिरत असताना कानात हेडफोन घालून ध्यान लावणं शक्यच नाही, तशी परवानगीही नाही. हेल्पलाइन चोवीस तास होती हे खरं, पण बोलायचं कुठे? सुटीच्या खोलीत अंतर ठेवून सगळे बसलेले, चेंजिंग रूममध्ये एका वेळी तिघांनाच प्रवेश. घरी जाऊन बोलावं तर ज्यांच्यामुळे जीव घाबरतो ती माणसं पलीकडच्याच खोलीत.

घाबरण्याचं कारणही आमच्याहून वेगळं होतं. घरून काम करणाऱ्यांना दिवस संपत नव्हता. गोदामातल्यांना तो सुरू होण्याचीच धास्ती वाटायची. गेटवर थर्मामीटर कपाळापाशी आला की मी मी म्हणणारे श्वास रोखून धरायचे. ताप निघाला तर संसर्गाची भीती, आणि पाळी बुडाली तर पैसे कापले जाण्याची. त्यातले अनेक जण कामावरून गेल्यावर मुलांना जवळ घेत नव्हते. एका पॅकरनं मला सांगितलं, 'ताई, मी आजारी पडायला भीत नाही. माझ्यामुळे आई आजारी पडली तर काय, याला भितो.' हे वाक्य मी सुपरवायझर सल्ल्याच्या फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

आणि सगळ्यांत मोठी उणीव ही की कंत्राटी कामगार या सेवेतच नव्हते. करार फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी. गाड्या भरणारी, उतरवणारी, म्हणजे सगळ्यांत जास्त माणसांच्या संपर्कात येणारी मंडळी यादीबाहेर. हेल्पलाइनला फोन केला की कर्मचारी क्रमांक विचारायचे, आणि तो यांच्याकडे नसायचा. यावर आम्ही काही सुपरवायझरांनी एकत्र पत्र लिहिलं, मग पाठपुरावा केला, मग पुन्हा लिहिलं. शेवटी कंत्राटदाराच्या माणसांसाठी एक सामाईक क्रमांक मिळाला. तो पहिल्या दिवशी मिळायला हवा होता. ज्या कंपनीत अशी सेवा घ्यायचा विचार चालू असेल तिथल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की पहिला प्रश्न हाच विचारा: यादीत कोण कोण आहे?

सुपरवायझर सल्ल्याची मला माहिती झाली ती करारातली बारीक अक्षरं वाचून. आपल्या हाताखालच्या माणसांबद्दल, नाव न घेता, समुपदेशकाशी बोलता येतं. काय बोलायचं, काय बोलायचं नाही, कुठे थांबायचं, हे ते सांगतात. त्या पॅकरबद्दल मी बोलले तेव्हा मला वाटलं होतं, त्याला सत्र घ्यायला पाठवा म्हणतील. त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. त्याला पाळीचा तक्ता किती दिवस आधी कळतो? तो रोज त्याच माणसांबरोबर काम करतो की गट बदलतात? ताप निघाला तर पैशाचं काय होतं, हे त्याला नक्की माहीत आहे का, की तोही अंदाजच करतो?

या प्रश्नांतूनच आमचे बदल निघाले. तक्ता दोन आठवडे आधी लागू लागला. गट पक्के केले, म्हणजे तीच माणसं त्याच पाळीत, त्यामुळे कुणाच्या संपर्कात आलो हे सांगता येऊ लागलं. आजारी रजेचा नियम एका पानावर, सगळ्यांना समजेल अशा भाषेत लिहून गेटवर लावला. आणि तो लिहिताना कंपनीला तो आधी बरा करावा लागला, कारण होता तसा लिहून लावण्यासारखा नव्हता. पाळी बदलताना उघड्या आवारात दहा मिनिटांची भेट ठेवली, पगारी वेळेत. यातलं काहीही ॲपमध्ये सापडणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कामाची रचना सुधारा आणि मॅनेजरांना प्रशिक्षण द्या, या गोष्टी त्यात आहेत. आमच्या फोनवरच्या बाई दीड वर्ष आधीपासून तेच करत होत्या.

समुपदेशकाला प्रत्यक्ष गोदामात पाठवण्याचा निर्णयही याच बोलण्यातून झाला. सुरुवातीला त्यांना गेटजवळची एक खोली दिली. कुणी फिरकलं नाही, आणि त्यात आश्चर्य काय? त्या खोलीत शिरणारा माणूस अख्ख्या पाळीला दिसायचा. मग त्यांनी खोली सोडली आणि पाळी बदलायच्या वेळी आवारात उभ्या राहू लागल्या, सगळ्यांशी सारख्याच बोलू लागल्या. पहिले काही दिवस नुसती ओळखपाळख झाली. नंतर लोक गाड्यांच्या बाजूला त्यांच्याबरोबर फेऱ्या मारताना दिसायला लागले. फेऱ्या मारणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. हेल्पलाइनचा नंबर नोटीस बोर्डावरून काढून लॉकरच्या दारांच्या आतल्या बाजूला आणि स्वच्छतागृहांत लावला. तो टिपून घेताना कुणी पाहत नाही अशा त्या दोनच जागा. नंतर फोन वाढल्याचं आम्हाला संस्थेच्या तिमाही अहवालातून कळलं.

या अहवालाबद्दल लोकांना फार शंका असतात म्हणून सांगते. कंपनीला नावं मिळत नाहीत. किती फोन आले, साधारण कोणत्या कारणांसाठी, घरून काम करणाऱ्यांचे किती आणि जागेवरच्यांचे किती, एवढंच मिळतं, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाची आकडेवारी वेगळी देत नाहीत. गोपनीयतेला अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तो पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगतात. माझ्या समुपदेशक बाईंनी तो दोन वेळा सांगितला आणि समजला का म्हणून विचारून घेतलं. या बाबतीत मला संस्थेत कुठेही खोट दिसली नाही.

आमचा एक सहकारी कोविडनं गेला. लोडिंगमधला जुना माणूस, सगळ्यांना काम शिकवलेला. त्या आठवड्यात कंपनीनं संस्थेला सांगितलं की सगळ्यांना एकत्र बसवून मन मोकळं करायला लावा. संस्थेनं तसं करायला नकार दिला, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. धक्का बसलेल्या माणसांना लगेच गोळा करून काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायला भाग पाडणं उपयोगाचं ठरत नाही, काहींना त्याचा त्रासही होतो, हे त्यांनी व्यवस्थापनाला समजावलं. त्याऐवजी त्यांनी मानसिक प्रथमोपचाराची पद्धत वापरली. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०११ मध्ये त्याची पुस्तिका काढली आहे. तीन गोष्टी: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण थरथरतंय, कोण जागचं हलत नाहीये ते पाहायचं. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं, ज्याला नाही त्याला नुसतं सोबत बसू द्यायचं. मग ज्याला जे हवं, रजा, घरी फोन, घरापर्यंत गाडी, डॉक्टर, त्याच्याशी त्याला जोडून द्यायचं.

त्या दिवशी समुपदेशक दोघं आले होते. त्यातल्या एकानं बराच वेळ फक्त गाडीच्या सावलीत एका मुलाशेजारी बसून काढला. ते दोघं काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःहून माझ्याकडे आला आणि काही दिवस दिवसपाळी मागितली. मी लगेच दिली. घरून काम करणाऱ्या समन्वयकांसाठी त्याच संध्याकाळी फोनवर वेगळी वेळ ठेवली होती, कारण त्या सहकाऱ्याला रोज फोन करणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं, पण त्याचा आवाज त्या रोज ऐकायच्या. त्यांच्या दुःखाची आठवण ठेवणं मला फार मोठं वाटलं.

याच समन्वयक आणि फ्लोअरवरची माणसं यांच्यात तोवर बरंच बिनसलं होतं. फ्लोअरला वाटायचं, घरी बसलेले मजेत आहेत आणि वरून ऑर्डरी सोडतात. समन्वयकांना वाटायचं, आपण दिवसभर राबतो ते कुणाला दिसतच नाही. संस्थेनं दोन्हीकडचे चार-चार जण घेऊन छोट्या बैठका घेतल्या. एक समन्वयक म्हणाली, फोनवर तिकडून खोकला ऐकू आला की तो कुणाचा असेल, या विचारात तिची रात्र जाते. विचारावं तर हेरगिरी केल्यासारखं वाटतं. स्कॅनिंगवरचा एक जण म्हणाला, तिच्या मागे बाळ रडताना ऐकू आलं की आम्ही म्हणायचो, बघा, घरी बसून पोर सांभाळतेय. ती एका हातानं बाळ धरून आमच्यासाठी गाडीचा नंबर शोधतेय हे डोक्यातच आलं नाही. त्यानंतर समन्वयकांनी फोन उचलला की आधी 'सगळे बरे आहात का?' असं विचारायचं ठरवलं. उत्तर द्यायची सक्ती नाही. मला वाटतं, सेवेच्या सगळ्या भागांत या बैठकांना सगळ्यांत कमी खर्च आला असेल.

योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये मांडलेला विचार मला या संदर्भात फार पटतो. माणूस कामात जेवढं घालतो त्या मानानं परत काय मिळतं, याचा तोल गेला की तब्येत बिघडते. आणि परत मिळण्यात पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. गोदामातल्यांसाठी टाळ्या खूप वाजल्या. शाश्वती कंत्राटी माणसाला कुणी दिली नाही. ही गोष्ट समुपदेशन सेवेच्या हातातली नाही, हे मला कळतं. पण त्यांच्या अहवालात 'नोकरीची चिंता' हे कारण प्रत्येक तिमाहीला येत होतं, आणि ते वाचूनही व्यवस्थापन गप्प होतं, हे इथे नोंदवणं मला गरजेचं वाटतं.

सेवा कुणी घ्यावी? लहान कंपनी असेल तर ॲप वगळून फक्त हेल्पलाइन, सुपरवायझर सल्ला आणि प्रत्यक्ष भेटी घ्या. ॲपचा खर्च वाचवून त्यात समुपदेशकाचे जागेवरचे तास वाढवता आले तर वाढवा. समुपदेशक तुमच्या माणसांच्या भाषेत बोलणारा हवा, हे करारात लिहून घ्या. आमच्याकडे एका भाषेसाठी फार थांबावं लागायचं. सहा सत्रं संपल्यावर पुढे कुठे पाठवणार हेही विचारा. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल त्याला सहा सत्रं पुरत नाहीत, त्याला डॉक्टरांकडेच जायला हवं. आमच्या संस्थेनं दोघांना वेळेवर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि दोघंही आज कामावर आहेत. महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे ही सोय अपवादासाठी नाही, नेहमी लागणारी आहे.

मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. त्यानंतर आमच्या कंपनीनं जागेवरच्या भेटी महिन्यातून एकदाच ठेवल्या, कारण 'आता तेवढी गरज नाही.' रात्रपाळीला तर समुपदेशक येतच नाहीत, आणि पहाटेच्या सुमाराला हेल्पलाइन उचलायला दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. रात्री एकट्यानं काम करणाऱ्यांची संख्या मात्र आमच्याकडे घटलेली नाही. करार नव्यानं करायची वेळ आली आहे. रात्रपाळीसाठी महिन्यातून निदान दोन भेटी आणि पहाटेच्या फोनला वेळेची लेखी हमी, या दोन मागण्या मी तक्त्यासकट दिल्या आहेत. त्या मान्य झाल्या तर या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. आजच्या स्थितीत तीन.